तिसऱ्यांदा आलेली गाडी

उसाचा सीझन चालू झाला की माजलगावात गॅरेजवाल्याचं दुपारचं जेवण चार वाजता होतं. परभणी रोडला माझं पत्र्याचं शेड आहे. मागच्या सीझनला एकच ट्रक माझ्याकडं तीनदा आला. तिन्ही वेळा तक्रार एकच, मागच्या हाउजिंगचं पिनियन सील गळतंय. हाउजिंग म्हणजे मागच्या चाकांमधली गिअरची, ऑइल भरलेली पेटी. पुढून फिरत येणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, तिला जोडतो तिथं ऑइल अडवणारी रबरी कडी म्हणजे पिनियन सील.

पहिल्यांदा सरळ काम वाटलं. प्रोपेलर शाफ्ट आणि तो हाउजिंगला ज्या चकतीवर जोडतात तो फ्लँज, दोन्हीवर पंचानं खूण केली. (खूण न करता शाफ्ट खोलणारे आमच्याच लाईनीत कमी नाहीत. मग गाडी थरथरायला लागली की टायरवर खापर.) शाफ्ट सोडल्यावर फ्लँज वर-खाली हलवून बघितला. प्ले (ढिलेपणा) नव्हता, म्हणजे बेअरिंग ठीक. चार फुटी पाइप घालून नट ढिला केला, पुलरनं फ्लँज ओढला, नवं सील स्प्रिंगची बाजू आत करून ठोकलं. सीलच्या ओठाला, म्हणजे आतल्या कडेला, ग्रीस लावलं, कारण कोरडं सील गाडी चालली की जळतं.

दहा दिवसांत ड्रायव्हरमामा हजर. "मिस्त्री, पुन्हा गळायलं."

या वेळी फ्लँज डिझेलनं धुतला आणि नख फिरवलं. सीलचा ओठ घासतो तिथं नख अडकलं. चर पडली होती. मालकाला फोन केला, तर म्हणाला, फ्लँजचं सीझननंतर बघू, आता सीलच टाक. मग मी सील २ मिलिमीटर अलीकडं बसवलं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर फिरेल. हे मला जमतं आणि त्याचा मला जरा माजही आहे. फोन ठेवता ठेवता मालकानं विचारलं, असं सारखं कामून व्हायलंय? मी म्हणालो, लोड जास्त भरतेत, मामा गाडी दामटतो. काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून दिलं. मालकानं त्या जोरावर सीलचे अन् ऑइलचे पैसे मामाच्या पगारातून कापले, हे मला पुढं कळलं.

आधी दोन्ही वेळा गाडी सकाळी, रिकामी आणि थंड आली होती. तिसऱ्यांदा ती संध्याकाळी, कारखान्याकडं निघालेली, उसानं भरलेली, तापलेली आली. हाउजिंगला हात लावला तर चटका बसला. लेव्हल बघायला प्लग ढिला केला अन् फुस्स करून हवा सुटली. पाठोपाठ गरम ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत.

मी तसाच थांबलो. हाउजिंगच्या वर अंगठ्याएवढा ब्रीदर असतो. ऑइल तापलं की आतली हवा फुगते, ती तिथून बाहेर पडायची. ती वाट बंद झाली की हवेला सर्वांत मऊ जागा उरते सीलचा ओठ, आणि ती ऑइल घेऊनच बाहेर येते. कालव्याखालच्या फडात गाडी घालून घालून वर काळ्या मातीचा थर विटेसारखा बसला होता. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडला तेव्हा कुठं ब्रीदर दिसला. काढून तोंडानं फुंकला, हवा पलीकडं जाईना. डिझेलात भिजवला, कंप्रेसरनं मारला, तेव्हा टोपी टिकटिक हलायला लागली.

पाच मिनिटांचं काम. दोनदा गाडीखाली झोपलो होतो, मान वर केली नव्हती.

सील पुन्हा बदललं, मजुरी घेतली नाही. मालकाला फोन लावला. हात ऑइलचे, म्हणून स्पीकरवर. "मालक, चूक माझी हाय. ब्रीदर चोंदला होता. मामाचे पैसे कापू नका."

"मग ब्रीदर साफ ठेवायचं काम कुणाचं? ड्रायव्हरचंच ना?"

मला बोलायला सुचलं नाही. फोन बंद झाला. मामा चाकापाशी उकिडवा बसून तंबाखू मळत होता, सगळं ऐकलं होतं त्यानं. तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले आणि गाडीखाली वाकत म्हणाला, "ते ब्रीदर कुठं असतंय, दाखवा बरं एकदा."