26 पॅक्स, 200 डॉलर

पावणेबाराला फोन आला तेव्हा माझा ग्रुप सिंगापूरच्या वॉटर्लू स्ट्रीटवर, कृष्णाच्या देवळात होता. फोन लिटल इंडियातल्या आमच्या ठरलेल्या रेस्टॉरंटमधून. "मॅडम, किचनमध्ये पाणी शिरलंय, आज लंच होणार नाही. पैसे परत करू." साडेबाराला 26 पॅक्सचं जेवण होतं. पॅक्स म्हणजे माणसं. आमच्या टूरच्या धंद्यात माणसं अशी मोजतात, सवय लागली की सुटत नाही.

ऑफिसला फोन लावला. ऑफिसचं उत्तर मला पाठच होतं, "ॲडजस्ट करून घ्या." आजूबाजूच्या चार भारतीय रेस्टॉरंटना विचारलं. रविवार होता, दोघांकडे आधीच ग्रुप लागलेले, तिसऱ्याने अडीचची वेळ दिली आणि चौथ्याने फोनच उचलला नाही. पाकिटात अडीअडचणीसाठी दिलेले 200 सिंगापूर डॉलर होते. म्हणजे माणशी आठसुद्धा नाहीत. एअरकंडिशन रेस्टॉरंटात घुसायचं तर मेनूवरच्या किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असतात, तिथेच गणित फसतं. आधी दहा टक्के सर्व्हिस चार्ज, त्यावर नऊ टक्के जीएसटी. दहा डॉलरची डिश बिलावर 11.99 होते. काही ठिकाणी तर टेबलावर न मागता ठेवलेल्या शेंगदाण्यांचे आणि ओल्या टिश्यूचेही पैसे लावतात.

माझ्या ग्रुपचं सरासरी वय पासष्ट. पंचवीसजण शाकाहारी, त्यांतले शहा काका-काकू कडक जैन. सव्विसावे एक निवृत्त हेडमास्तर, ते "मला काहीही चालतं" म्हणायचे आणि मग प्रत्येक ताटात खोड काढायचे.

रस्त्यावर उभी राहून मी विचार करत होते आणि समोर कृष्णाच्या देवळाच्या दारात चिनी बायका उदबत्त्या लावत होत्या. शेजारीच क्वान इम या देवीचं मोठं चिनी देऊळ आहे. तिथे नमस्कार झाला की बरेच भक्त दोन पावलं पुढे येऊन कृष्णालाही हात जोडतात. 1870 पासूनचं हे कृष्णाचं देऊळ, आणि शेजार इतका जुना की आता कुणाला त्यात नवल वाटत नाही. आमच्या ग्रुपला मात्र वाटत होतं, सगळे फोन काढून उभे. त्या दिवशी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. मी तसं म्हटलं तर मागून एक आजी म्हणाल्या, "अगं, आज पौर्णिमा नाही का?"

आणि माझी ट्यूब पेटली. चिनी महिन्याचा पहिला आणि पंधरावा दिवस, म्हणजे आपल्या हिशेबाने अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पुष्कळ बौद्ध चिनी लोक मांसाहार करत नाहीत. देवळाला लागूनच अल्बर्ट सेंटर आहे. खाली मंडई आणि हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे स्वस्त स्टॉल. तिथे चिनी शाकाहारी स्टॉल आहेत हे मला माहीत होतं, पण ग्रुपला हॉकर सेंटरमध्ये न्यायचं म्हणजे आमच्याकडे गुन्हाच. कुणाचं पोट बिघडलं तर जबाबदार मीच.

भीतीला कारणही होतं. पहिल्याच टूरमध्ये मी "नो मीट" सांगून एका काकांना भाजी खाऊ घातली होती. नुसती पालेभाजी. पण तिच्या सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, बेलाचान होतं, म्हणजे आंबवून वाळवलेल्या कोळंबीचा गोळा. मी नंतर चव घेतली तेव्हा कळलं. काकांना मी आजतागायत सांगितलेलं नाही. त्या भागात "मांस नाही" या शब्दांना फारसा अर्थ नसतो. सुकट, फिश सॉस, ऑयस्टर सॉस, डुकराची चरबी यांना कुणी मांसात धरत नाही, ती आपल्याकडच्या फोडणीसारखी गृहीतच असते. म्हणून वाटेल त्या स्टॉलवर जाऊन "मटण काढून द्या" म्हणण्यात अर्थ नाही. मुळात शाकाहारीच असलेला स्टॉल शोधायचा.

बारा वाजता 26 माणसं घेऊन आत शिरले. रविवार, त्यात पंधरावा दिवस. बसायला एक खुर्ची नाही. रिकामी टेबलं होती, पण प्रत्येकावर टिश्यूचं पाकीट, नाहीतर छत्री. "ही लोकं छत्र्या विसरून जातात वाटतं," हेडमास्तर म्हणाले. मी सांगितलं, याला इथे 'चोप' म्हणतात, जागा धरून ठेवलीय. आजींचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "म्हणजे एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसं!" पुढची दहा मिनिटं मला काही करावं लागलं नाही. या बायकांनी आयुष्यभर एसटीत जागा धरल्या होत्या. कोण उठायला आलंय, कुणाचा शेवटचा घास राहिलाय हे त्यांनी लांबून हेरलं आणि पाच टेबलांवर रुमाल, चष्म्याची घरं, एक स्कार्फ आणि औषधांचा डबा पडला. औषधांचा डबा मी उचलायला लावला.

स्टॉलवर बाई एकटीच, साठीची, हातात चिमटा. काचेमागे पंधरा-सोळा पराती. याला तिथे इकॉनॉमिक राइस म्हणतात. भात घ्यायचा आणि बोटाने दाखवायचं, हे, हे आणि हे. भात आणि तीन भाज्या साडेचार डॉलर. रुपयात तीनशेच्या आसपास. परतलेल्या शेवयांचं बीहून चार डॉलरला.

शहा काकू परातींपुढे येऊन थिजल्या. समोर बदकाचे तुकडे, लालसर भाजलेलं मांस, माशाचे काप. "ताई, इथून चला." खरं तर सगळं सोयाबीनच्या सायीचं आणि गव्हाच्या ग्लुटेनचं होतं. पण मांस सोडलेल्याला मांसाचा आकार हवासा वाटतो हे ज्याने कधी मांस खाल्लंच नाही त्याला कसं पटणार? मला ते आजही नीट पटलेलं नाही. बाई म्हणत होती, "नो मीट, नो मीट. फ्लावर, फ्लावर." तिला म्हणायचं होतं गव्हाचं पीठ, काकूंना वाटलं फुलकोबी.

मी विचारलं, कांदा? लसूण? बाईने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी देवळात चप्पल घालून आले होते. नाही म्हणजे नाहीच. चिनी बौद्ध व्रताच्या जेवणात कांदा-लसूण वर्ज्य असतो. मी हे काकूंना सांगितलं आणि त्यांनी पर्स बाकावर ठेवली. म्हणजे आता बसणार.

पण जैन जेवण तिथे संपत नाही. बटाटा, गाजर, मुळा, जमिनीखालचं काहीच नको. हे इंग्रजीत सांगून कळेना. तेव्हा शहा काका, जे टूरभर दहा वाक्यं बोलले नसतील, काउंटरसमोर वाकले, हाताने फरशी खणल्याचा अभिनय केला, काहीतरी उपटून बाहेर काढलं आणि दोन्ही हात हलवले. मागच्या रांगेत हशा पिकला. बाई मात्र हसली नाही. तिने चिमट्याने एकेक परात दाखवत मान हलवायला सुरुवात केली. करी नाही, बटाटा. कोबी नाही, गाजर. टोफू चालेल. घेवडा चालेल. पालेभाजी चालेल. मशरूमपाशी तीच थांबली आणि काकांकडे पाहिलं. काकांनी नाही म्हटलं. भाताच्या दोन ताटांना पाच मिनिटं लागली आणि मागे वीस माणसं उभी असताना कुणी ब्रसुद्धा काढला नाही.

खूश होऊन काकूंनी पर्समधून हिंगाची डबी काढून बाईपुढे धरली. कांदा-लसूण नाही म्हणजे आपल्यासारखा हिंगच घालत असणार, असा त्यांचा अंदाज. बाईने वास घेतला आणि डबी झटकन मागे सारली. काकू जरा दुखावल्या. संध्याकाळी आमच्या लोकल गाइडने सांगितलं की त्यांच्या पाच वर्ज्य तिखट पदार्थांत कांदा, लसूण आणि त्यांच्याच जातीच्या दोन पाती येतात, आणि पाचवा असतो हिंग.

चहाचं वेगळंच प्रकरण झालं. नुसतं 'ते' म्हटलं की कन्डेन्स्ड मिल्कचा गोडमिट्ट चहा येतो. 'ते ओ' म्हणजे बिनदुधाचा, पण साखर असतेच. मधुमेहवाल्यांना 'ते सी कोसोंग' हवा, दूध आटवलेलं आणि साखर शून्य. पंधरा चहा मी पाठ करून सांगितले आणि तरी दोन गोड आलेच. ते हेडमास्तरांनी प्यायले. तक्रार न करता, हे नोंदवून ठेवते.

जेवण झाल्यावर ताटं तिथेच सोडून सगळे उठले. परत बसवलं. 2021 पासून ट्रे स्वतः नेऊन ठेवावा लागतो. पहिल्यांदा लेखी समज मिळते, पुन्हा सापडलात तर 300 डॉलर दंड. म्हणजे माझ्या अख्ख्या लंचपेक्षा जास्त. आजींनी स्वतःचा ट्रे तर नेलाच, शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी पोराचाही उचलायला लावला, मराठीत.

हिशेब असा. 19 ताटं भाताची, 85.50. 8 बीहून, 32. पंधरा चहा 24, बारा लिंबू सरबतं तेवढ्यालाच. एकूण 165.50, माझ्यासकट. उरलेल्यात तीन डॉलरवाले दहा बोल आइस काचांग घेतले. किसलेल्या बर्फाचा डोंगर, वर रंगीत पाक, पोटात राजम्यासारखे गोड लाल दाणे आणि मका. "गोळ्यात राजमा?" असं सत्तावीस वेळा ऐकलं, त्यातलं एकदा मीच म्हटलं. दहा बोलांतून सगळ्यांनी चमचे घालून खाल्लं.

उरले 4.50. बसला तिथे थांबू देत नाहीत म्हणून आमचा ड्रायव्हर अंकल दीड तास गोल गोल फिरत होता. त्याच्यासाठी एक ताट बांधून घेतलं, तिथल्या भाषेत 'ता पाओ'. डब्याचे तीस सेंट वेगळे, ते माझ्या खिशातून. बसमध्ये चढल्यावर त्याच्या हातात दिलं. त्याने झाकण उघडून पाहिलं, मग आरशातून माझ्याकडे बघून विचारलं, "नो चिली?"