हुकमावरून

रविवार. चार दिवसांनी पाऊस उघडला, म्हणून चहा झाल्या झाल्या गच्चीवर गेले.

सोसायटीच्या बागेचा हा तिसरा महिना. पोरांनी नाक्यावरच्या रसवंतीतून पोत्यानं चिपाडं आणली, क्रेटच्या तळाशी दाबली, वर पालापाचोळा, शेणखत आणि मूठ-दोन मूठ माती. चिखलात हात घालायचे होते तोवर वीसेक मुलं होती. पेरणी झाली आणि निम्मी गळाली. मेथी चौथ्या दिवशी वर आली तशी परतली, वांग्यानं वाट पाहायला लावली तशी पुन्हा पांगली. आता कळलंय, मुलांसाठी मेथी नि मुळा. वांगी आपल्या हौसेची.

गेल्या रविवारी कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या. शेंडा फस्त. मी वेचायला बसले तर तिसऱ्या मजल्यावरची धाकटी ओरडलीच, "काकू, मारू नका ना!"

"अगं, कीड आहे ती. आणि ही पक्ष्याची शीट पुसायला हवी."

"शीट नाही, तीपण अळीच आहे. लहानपणी अशीच असते."

खरंच होतं तिचं. मोठ्या झालेल्या मात्र हिरव्यागार. तिनं एकीला काडीनं डिवचलं, तर डोक्यामागून तांबडी शिंगं बाहेर आली आणि असा उग्र वास!

मग पंचायत बसली. ब्लू मॉरमॉन हे २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू, ते लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं, कढीपत्ताही त्याच कुळातला, म्हणजे ही त्याचीच पिल्लं, असा निकाल एकानं देऊन टाकला. मला ही साध्या काळ्या मॉरमॉनची वाटतात. पण बोलले नाही.

कुंडीभोवती सुतळी आली. पाटी आली: 'कढीपत्त्याला हात लावायचा नाही. हुकमावरून.' कुणाच्या, ते लिहिलेलं नाही. पाणी घालायची पाळी चुकवणारी पोरं आता शाळेतून आली की आधी वर. आलीच आहेत म्हणून मेथीलाही पाणी मिळतं. माझ्या वहीत पाळ्यांचे, पेरणीचे, भाजीवाटपाचे तक्ते आहेत. ती वही कुणी उघडूनसुद्धा पाहिलेली नाही.

आज एक अळी दिसेना. रडारड व्हायच्या बेतात असताना कुंडीमागच्या पाइपाला चिकटलेला हिरवा कोष सापडला. धाकटीनं खडूनं शेजारी तारीख घातली आहे.

संध्याकाळी आमटीच्या फोडणीसाठी मंडईतून कढीपत्ता आणला. जिन्यात पोरं खेळत होती. पिशवीत कोथिंबिरीखाली दडवून वर नेला.