स्टुलावरचं मिनिट

मारामारीचे सिनेमे मला सोसत नाहीत. पडद्यावर रक्त दिसलं की मी उशी तोंडाशी धरते. तरीही बॉक्सिंगचा सिनेमा लागला की मी जागची हलत नाही, आणि घरातले यावरून माझी मनसोक्त टिंगल करतात. खरं म्हणजे मी ठोसे बघतच नाही, मी घंटेची वाट बघत असते. तीन मिनिटं संपतात, घंटा वाजते, दोरांमधून एक लहानसं स्टूल आत सरकतं, आणि इतका वेळ ज्याला आपण राक्षस समजत होतो तो गडी त्या स्टुलावर मटकन बसतो. कुणी त्याच्या तोंडातलं दात वाचवणारं गमशील्ड काढतं, कुणी पाणी देतं, ते तो चूळ भरून बादलीत थुंकतो. कुणी भुवईवर व्हॅसलिन थापतं, कुणी श्वास मोकळा व्हावा म्हणून चड्डीचं इलॅस्टिक पोटापासून ओढून धरतं. एवढा आडदांड बाप्या, पण शाळेत निघताना आईपुढे तोंड पुसायला उभ्या राहिलेल्या पोरासारखा मान वर करून बसलेला. एका मिनिटाने पुन्हा घंटा होते.

या सिनेमांबद्दल बोलताना सगळे जिद्दीबद्दल बोलतात. पहाटेची धाव, कच्ची अंडी, दोरीवरच्या उड्या, भिंतीवर चिकटवलेला प्रतिस्पर्ध्याचा फोटो. हे सगळं मलाही आवडतं. पण जिद्द सिनेमात फार स्वस्तात मिळते. एक गाणं लावलं की सहा महिन्यांचा घाम तीन मिनिटांत निथळून जातो आणि नायकाच्या पोटावर चौकोन उमटतात. स्टुलावरच्या त्या मिनिटात अशी पळवाट नसते. तिथे प्रश्न एकच: आता उठायचं का? आणि त्याहून अवघड म्हणजे, हे ठरवायचं कुणी? मार खाणाऱ्याने की त्याचं तोंड पुसणाऱ्याने?

‘रॉकी’ पाहिलेल्या दहाजणांना शेवट विचारा, निम्मे तरी सांगतील की रॉकी जिंकतो. तो हरतो. पंचांचा निकाल विभागून लागतो आणि समोरच्या अपोलो क्रीडचं जगज्जेतेपद शाबूत राहतं. आमच्या आईने तो टीव्हीवर पाहिला तेव्हा तिने शेवटी विचारलं होतं, “हरला ना हा? मग आनंद कसला झालाय एवढा?” मी तिला समजावलं की त्याला जिंकायचं नव्हतंच, पंधराही राउंड उभं राहायचं होतं. आईला ते फारसं पटलं नाही. “मग आधीच सांगायचं होतं त्यांना, मारामारी तरी टळली असती.”

मला त्या सिनेमातला सगळ्यात खरा क्षण १४व्या राउंडमध्ये येतो. रॉकी पडतो आणि त्याचा म्हातारा कोच मिकी कोपऱ्यातून ओरडतो, पडून राहा, उठू नकोस! ज्याने त्याला घडवलं तोच. रॉकी अर्थातच उठतो. मग स्टूल येतं. डोळा सुजून बंद झालेला, तर तो पापणी कापायला सांगतो. ब्लेडने ती कापणारा कटमन, म्हणजे कोपऱ्यात जखमा सांभाळणारा माणूस, पडद्यावर साकारलाय अल सिल्व्हानीने, आणि तो खऱ्या आयुष्यातही बॉक्सरांच्या कोपऱ्यात उभा राहिलेला माणूस होता. (आजचे कटमन बर्फात गार केलेली धातूची पट्टी सुजेवर दाबतात. पापणी कापण्याचं नाव काढलं तर डॉक्टर लढतच थांबवेल.) लढत थांबवलीस तर जीव घेईन, असं रॉकी मिकीला बजावतो. समोरच्या कोपऱ्यातही तेच. क्रीडच्या माणसाला लढत थांबवायची असते आणि क्रीड त्याला गप्प करतो. म्हणजे दोन्ही कोपऱ्यांतल्या शहाण्यांना कळलंय की आता पुरे, आणि दोन्ही वेड्यांनी त्यांना धाकात ठेवलंय. टाळ्या वेड्यांना मिळतात.

ही गोष्ट लिहिणाऱ्या आणि स्वतःच रॉकी झालेल्या सिल्व्हेस्टर स्टॅलनला ती सुचली ती २४ मार्च १९७५ च्या लढतीवरून. दारूविक्रीची नोकरी करणारा चक वेपनर नावाचा बॉक्सर त्या रात्री मुहम्मद अलीसमोर उभा राहिला. नवव्या राउंडमध्ये त्याने अलीला चक्क खाली पाडलं. अलीचं म्हणणं, त्याने माझ्या पायावर पाय दिला. वेपनर १५व्या राउंडपर्यंत टिकला आणि अवघे १९ सेकंद उरले असताना रेफरीने लढत थांबवली. स्टॅलनने ते १९ सेकंद रॉकीला देऊन टाकले. सिनेमावाल्यांना एवढा हक्क आहेच.

पण त्याच वर्षी अलीची आणखी एक लढत झाली होती, आणि माझं मन तिथे जास्त घुटमळतं. १ ऑक्टोबर १९७५, फिलिपिन्स, मनिला. समोर माजी जगज्जेता जो फ्रेझर. अमेरिकेतल्या टीव्हीच्या वेळेसाठी लढत तिथल्या सकाळी ठेवलेली, उकाड्याने जीव नकोसा झालेला. १४ राउंड दोघांनी एकमेकांना नुसतं कुटलं. फ्रेझरची डाव्या डोळ्याची नजर आधीच अधू होती, त्यात मार खाऊन उजवा डोळा मिटला. म्हणजे समोरून येणारा ठोसा त्याला जवळजवळ दिसतच नव्हता. १४वा राउंड संपला, स्टूल आलं, आणि त्याचा ट्रेनर एडी फच म्हणाला, बस झालं. फ्रेझर उठायला लागला. फचने त्याला बसवलं. आज तू इथे जे केलंस ते कुणी विसरणार नाही, असं काहीसं त्याच्या कानाशी बोलला आणि लढत सोडून दिली. समोरच्या कोपऱ्यात अलीचीही उभं राहण्याची ताकद संपत आली होती. मरणाच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो, अशा अर्थाचं तो पुढे बोलला. आणखी तीन मिनिटं झाली असती तर कोण जिंकलं असतं यावर लोक आजही वाद घालतात. फचला त्या वादात रस नव्हता. रिंगमध्ये जीव गेलेली माणसं त्याने पाहिली होती.

आता गंमत पाहा. पुढच्याच वर्षी ‘रॉकी’ आला. फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवरून धावणं, कत्तलखान्यात टांगलेल्या मांसावर ठोसे मारणं, हे फ्रेझर सांगायचा की माझ्याच आयुष्यातलं आहे. तो फिलाडेल्फियात राहणारा, आणि कत्तलखान्यात कामही केलेला. सिनेमात तो स्वतः क्षणभर रिंगमध्ये येऊन हात हलवून जातो. म्हणजे सराव फ्रेझरचा घेतला, शेवट वेपनरचा घेतला. मनिलाचं स्टूल मात्र कुणी घेतलं नाही. शहरानेही तेच केलं. काल्पनिक रॉकीचा पुतळा फिलाडेल्फियात १९८०च्या दशकातच उभा राहिला. खऱ्या फ्रेझरच्या पुतळ्याला २०१५ साल उजाडलं. तोवर त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

रॉकीच्या चौथ्या भागात तर कोच झालेला रॉकी हातात पांढरा टॉवेल घेऊन उभा आहे. तो रिंगमध्ये टाकला की हार मानून लढत थांबते. आत त्याचा आता मित्र झालेला अपोलो रशियन ड्रॅगोचे घाव झेलतोय. काहीही झालं तरी टॉवेल टाकू नकोस, असं अपोलोनेच बजावलेलं. रॉकी टाकत नाही आणि अपोलो मरतो. सिनेमा १९८५चा. तीनच वर्षांपूर्वी लास वेगासमध्ये कोरियाचा बॉक्सर किम दुक-कू रे मॅन्सिनीशी लढताना १४व्या राउंडमध्ये कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती हळूहळू १५ राउंडांवरून १२वर आणल्या गेल्या. सिनेमाने मात्र त्या मरणाचं पुढे काय केलं? सूडाचं इंधन केलं, नायकाला बर्फात लाकडं फोडायला पाठवलं, आणि टॉवेलचा विषय तिथेच सोडला. तो उचलायला तीस वर्षं गेली. २०१५च्या ‘क्रीड’मध्ये म्हातारा रॉकी अपोलोच्याच पोराच्या कोपऱ्यात आहे. शेवटच्या राउंडआधी त्याला लढत थांबवायची आहे; तुझ्या बापाची थांबवायला हवी होती, हे तो बोलूनही दाखवतो. पोरगा म्हणतो, मला सिद्ध करायचंय. काय? तर आपण म्हणजे कुणाची चूक नाही, हे. ते ऐकून रॉकी त्याला पुन्हा उठवतो. मी रडले, नाही कशाला म्हणू? पण डोळे पुसताना हेही वाटलं की पटकथा लिहिणाऱ्याने म्हाताऱ्याला पुन्हा हरवलं.

स्टुलाबद्दल सगळ्यात निर्दय सिनेमा म्हणजे ‘मिलियन डॉलर बेबी’. ज्या कथेवरून तो बेतला तिचा लेखक एफ. एक्स. टूल, खरं नाव जेरी बॉइड, स्वतः कटमन होता. आयुष्यभर लिहीत राहिला आणि पहिलं पुस्तक निघालं सत्तरीच्या घरात, २००० साली. दोन वर्षांत तो गेला. सिनेमा, ऑस्कर, काहीच त्याने पाहिलं नाही. कोपऱ्यात उभं राहिलेल्या माणसालाच सुचावी अशी ती गोष्ट आहे. राउंड संपल्यावर बॉक्सर मॅगी वळते, प्रतिस्पर्धी मागून ठोसा मारते आणि मॅगीची मान आपटते ती तिच्याच कोपऱ्यातल्या, तिच्याचसाठी आत सरकवलेल्या स्टुलावर. कोच फ्रँकी ते ओढून घ्यायला हात पुढे करतो, पण तोवर उशीर झालेला असतो. विसावा देणारी वस्तूच मोडून टाकते. आणि त्यानंतरचा सिनेमा, हॉस्पिटलमधला, म्हणजे ‘आता पुरे’ हे कुणी कुणासाठी म्हणायचं, याचाच आहे. तो भाग मी एकदाच पाहिलाय. पुन्हा लागला की तो यायच्या आधीच चहा करायला उठते.

१९७२च्या ‘फॅट सिटी’त उतरणीला लागलेला बॉक्सर टली एक लढत जिंकतो आणि त्याला कळतच नाही, मी नॉकआउट झालो का, असं विचारतो. ज्यांना जिद्दीची भाषणं ठोकायची आहेत त्यांनी एवढा एक प्रसंग पाहून मग माइक हातात घ्यावा.

आपल्याकडे २०२१च्या जुलैत आठवड्याच्या आत दोन सिनेमे आले. ‘तूफान’मध्ये डोंगरीतला अझीझ अली आणि त्याला घडवणारे मराठी कोच नाना प्रभू. नानांची बायको बॉम्बस्फोटात गेलेली. आपला शिष्य आपल्याच मुलीच्या प्रेमात आहे हे कळतं आणि नाना कोपरा सोडतात. इथे कोपरा ठोशाने मोडत नाही, धर्माने मोडतो. पुढचा सिनेमा नेहमीच्या वाटेने जातो, पण तेवढा भाग ओळखीचा वाटून टोचतो. तमिळ ‘सारपट्टा परंबरै’ त्याहून फार वरचा. पा. रंजितने उत्तर मद्रासमधली १९७०च्या दशकातली बॉक्सिंगची घराणी उभी केली, आणि रंगन वात्तियार नावाचा असा गुरू दिला की तो नुसता पंचा खांद्यावर टाकून उभा राहिला तरी रिंग भरल्यासारखी वाटते. आणीबाणीचे दिवस. पोलीस त्याला पकडायला येतात ते ऐन लढतीत. गुरू जातो आणि त्याचा शिष्य कबिलन याच्या आयुष्याचा तोल जातो तो तिथूनच. दारू काय, सुटलेलं पोट काय, सगळं नंतरचं.

आमच्या कुस्तीत स्टूल नाही. जुन्या मैदानात तर घड्याळही नसायचं. दोघं थकले, निकाल लागेना, तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवत आणि दोघांच्या डोक्यावर फेटा चढे. ही सोय बॉक्सिंगवाल्यांनी का घेतली नाही कोण जाणे.

माझा भाचा शाळेत असताना बॉक्सिंगला जायचा. त्याची एक जिल्हा पातळीवरची लढत बघायला आम्ही सगळे गेलो होतो. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये रिंग लावलेली. दुसऱ्या राउंडमध्ये त्याने दोन-तीन चांगले ठोसे खाल्ले, पण होता उभा. आणि त्याच्या सरांनी टॉवेल टाकला. पोरगं संतापलं, “सर, मी पडलोसुद्धा नव्हतो!” सर त्याच्या ग्लोव्हजच्या नाड्या सोडत म्हणाले, “म्हणूनच थांबवलं. पडल्यावर काय थांबवायचं?” दादा गाडीत घरी येईपर्यंत धुसफुसत होता की एवढी फी भरायची आणि मास्तर पोराला हरवतो. वहिनी काहीच बोलली नाही. पुढच्या रविवारी तिने सरांना जेवायला बोलावलं आणि पुरणपोळीवर तूप वाढताना हात आखडला नाही.

तेव्हापासून मला वाटतं, एडी फचवर सिनेमा निघावा. माणूस होताच तसा. तरुणपणी डेट्रॉइटमध्ये पुढे जगज्जेता झालेल्या जो लुईसबरोबर सराव केलेला, स्वतःला व्यावसायिक बॉक्सर व्हायचं होतं, पण हृदयात दोष निघाला आणि रिंगच्या आतला रिंगच्या बाहेर आला. मग साठेक वर्षं दुसऱ्यांची तोंडं पुसली. शेवटचा प्रसंग मनिलाचा. नायक उठू बघतो, म्हातारा त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवतो, आणि नायक हरतो. निर्मात्यासमोर ही गोष्ट ठेवली तर काय होईल ते मला दिसतं. तो शेवटपर्यंत मान डोलवेल, मग विचारेल, “छान आहे हो, पण मग हा उठतो कधी?”