टीसीएल टाकलं, तरी गॅस्ट्रो कसा?

पहिले मोठे पाऊस होऊन गेले की एखाद्या टोल्यावर (वस्तीवर) हगवण-उलटीचे पेशंट निघायला लागतात. ग्रामपंचायतीत विचारलं की उत्तर मिळतं, "विहिरीत टीसीएल टाकलंय ना!" टीसीएल, म्हणजे पाण्यातले जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, टाकलेलीही असते. पण मुठीनं भिरकावलेली भुकटी गोळे होऊन तळाशी बसते आणि वरचं पाणी तसंच राहतं.

आधी पाणी मोजा. व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले 3.14, भागिले 4, सगळं मीटरमध्ये. उत्तराला 1000 नं गुणलं की लिटर. 4 मीटर व्यासाच्या विहिरीत 3 मीटर पाणी असेल तर साधारण 37,700 लिटर झालं. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरले तर 95 ग्रॅम पावडर लागेल. अंदाजपंचे नको. एकदा काट्यावर मोजून प्लास्टिकच्या कपावर खूण करून ठेवा.

पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून गोळे मोडायचे, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायचं. पाच-दहा मिनिटांत पावडरमधला चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोरानं विहिरीत सोडायची आणि वर-खाली, आजूबाजूला हलवायची. चुना विहिरीत टाकायचा नाही. तासभर कोणी पाणी भरायचं नाही, म्हणून हे काम रात्री केलेलं बरं.

तासाभरानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडीन टाकायचं; क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत बघायचा. नंतर गडद होत जाणारा रंग फसवतो. पिवळा आलाच नाही, तर दोन कारणं मुख्य. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळावरच खर्च होतं. नाहीतर पावडरच मेलेली असते. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे 33 टक्के क्लोरीन असतं, पण तोंड उघडं पोतं ओलसर खोलीत पडून राहिलं की ते उडून जातं. अशी पावडर कितीही मोजून टाकली तरी हिशोब चुकणारच. पोत्याचं तोंड घट्ट बांधा, ते जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा.

नळयोजना असेल तर टेस्ट टाकीपाशी करून थांबू नका, शेवटच्या घरच्या नळाला करा. टाकीत पिवळा आणि शेवटी काहीच नाही, म्हणजे मध्ये पाइप फुटला असण्याची शक्यता मोठी. बहुतेकदा तो नालीतून गेलेला असतो. तिथं डोस वाढवणं हा इलाज नाही, खड्डा खणून जोड बदलायलाच हवा.

साथीत घरोघरी सर्वे होतोच, तेव्हा खर्ऱ्याचंही (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेल्या मिश्रणाचं) बोलावं. पन्नीवर घोटलेला खर्रा धानाच्या रोवणीच्या बांधीवर (खाचरात) न धुतलेल्या चार हातांतून तोंडात जातो. साबणाचं सांगताना हे वगळलं तर निम्मंच सांगितलं. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, खर्रा मात्र गावागावात घोटला जातोच. तोंड आखडत चाललंय का ते कळायला खाणाऱ्याला स्वतःचीच तीन बोटं एकावर एक, उभी तोंडात घालून बघायला सांगा. जात नसतील, किंवा तिखट सोसत नसेल, तर त्याला त्याच आठवड्यात पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पाठवा. सोडायचं म्हणत असेल तर 1800-11-2356 हा क्विटलाइनचा (तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा) मोफत नंबर त्याच्या मोबाइलमध्ये तिथंच सेव्ह करून द्या.