बेल्टेनची रात्र, कॅल्टन हिलवर

३० एप्रिलला स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिनबरोत असाल तर रात्री कॅल्टन हिल या टेकडीवर बेल्टेनचा सोहळा बघायला जाच. फक्त एक करा: कापडी बूट घालून जाऊ नका. मी गेलो, आणि ओल्या गवतात अर्ध्या तासात मोजे चिंब!

बेल्टेन हा गेल लोकांचा (स्कॉटलंड-आयर्लंडमधल्या जुन्या गेलिक भाषकांचा) उन्हाळा सुरू होण्याचा सण, मुळात गुराख्यांचा. गुरं डोंगरावरच्या कुरणात न्यायच्या आधी दोन जाळांमधून हाकायची, म्हणजे रोगराई लागत नाही. घरातल्या चुली विझवून याच जाळावरचा विस्तव नेऊन पुन्हा पेटवायच्या. फोनवर आई म्हणाली, "अरे, होळीच की!" दिसायला तशीच, पण इथे सगळा जीव गुरांत अडकलेला. १७६९ मध्ये स्कॉटलंड फिरलेल्या थॉमस पेनंटने लिहून ठेवलंय: पर्थशायरचे गुराखी ओटच्या पिठाची नऊ उंचवट्यांची भाकरी करत. एकेक उंचवटा मोडून खांद्यावरून मागे टाकायचा. एक घोडी राखणाऱ्या शक्तीला, एक मेंढरं राखणाऱ्या शक्तीला. आणि मग कोल्ह्याला, कावळ्याला, गरुडालाही, कोकरांना हात लावू नका म्हणून! शत्रूलाही वाटा देणारा हा हिशेब मला फार आवडला.

टेकडीवर आता गुरं नाहीत. १९८८ पासून इथे स्वयंसेवक हा सोहळा करतात. पैशांअभावी १८२९ मध्ये अर्धवट राहिलेल्या राष्ट्रीय स्मारकाच्या बारा खांबांपासून मे राणीची, म्हणजे उन्हाळा आणणाऱ्या राणीचं सोंग घेतलेल्या बाईची, मिरवणूक निघते. ढोल असे वाजतात की छातीत जाणवतात. हिरवा पुरुष, म्हणजे रानाच्या हिरवाईचं सोंग, हिवाळ्याचा वेश टाकून मरतो, राणी त्याला उठवते, मग मोठी होळी पेटते. लाल रंग फासलेली मंडळी जवळजवळ उघडीच असतात. मुलांना न्यायचं की नाही, ते ठरवा.

तिकीट आधीच काढा. वेव्हर्ली स्टेशनपासून टेकडी पंधरा मिनिटांवर. अंधार नऊनंतर पडतो आणि थंडी झोंबते, कानटोपी हवीच. छत्री नको: वारा ती उलटी करतो, मागचे लोक ओरडतात. मिरवणुकीमागे धावू नका. मी धावलो आणि तासभर लोकांची डोकी पाहिली. रंगवलेल्या मंडळींना खेटलात, तर जॅकेटची धुलाई नक्की.

अंगात त्राण असेल तर पहाटे आर्थर्स सीट हा शहरातलाच डोंगर चढा. १ मेच्या दवाने तोंड धुतलं की रूप उजळतं म्हणतात. सूर्य साडेपाचला उगवतो, तेव्हा चारला निघा आणि टॉर्च घ्या.