ढगाळ हवेत रिफ्लेक्टर कशाला?

आभाळ भरून आलं की पोर्ट्रेट काढायला निघावं, असं म्हणतात आणि ते खरंही आहे. कपाळावर उन्हाचे पट्टे नाहीत, नाकाची काळी सावली ओठांवर उतरत नाही, समोरच्याला डोळे बारीक करावे लागत नाहीत. आतेबहिणीला प्रोफाइलसाठी फोटो हवे होते आणि नेमकं त्या दिवशी मळभ आलं, म्हणून मी खूश होतो. तिच्या धाकट्या भावाने मात्र माझ्या बॅगेतला रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड परतवणारी घडीची चकती, पाहून विचारलं, "दादा, ऊनच नाही, तर हा परतवणार काय?"

प्रश्न रास्त होता. रिफ्लेक्टर न लावता एक फोटो काढला आणि स्क्रीनवर चेहरा मोठा करून त्याला दाखवला. कपाळ आणि नाकाचा शेंडा उजळ, डोळ्यांच्या खोबणीत करडी छाया, हनुवटीखाली काळोख, बुबुळांत चमक नावालाही नाही. पोरगी आठवडाभर झोपलेली नाही असं वाटावं.

ढगाळ उजेड मऊ असतो, पण त्याचा जोर वरून असतो. नुसत्या नजरेला आभाळ सगळीकडे सारखंच पांढरं वाटतं. प्रत्यक्षात दाट ढगांचं आभाळ माथ्यावर क्षितिजाच्या सुमारे तिप्पट उजळ असतं. मून आणि स्पेन्सर या संशोधकांनी १९४२ साली मांडलेलं हे गणित इमारतीत दिवसाचा उजेड किती येईल ते काढायला वापरतात. आपल्या कामापुरतं त्यातून इतकंच घ्यायचं, की भुवया हा डोळ्यांवरचा छज्जा आहे आणि त्याखाली उजेड पोचवायचा तर तो खालून द्यावा लागतो.

आता खालून द्यायचा म्हणजे किती खालून, किती जवळून? उन्हात रिफ्लेक्टरची सिल्व्हर, म्हणजे चंदेरी बाजू आठ-दहा फुटांवर धरली तरी चेहरा लख्ख होतो. मळभात तसं होत नाही, कारण परतवायला एकवटलेला झोतच नसतो. इथे एकच हिशेब चालतो: चेहऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर रिफ्लेक्टर किती मोठा दिसतो. लांब नेला की तो नजरेत लहान होतो आणि परिणाम संपतो. भावाने आधी कमरेएवढ्या उंचीवर, चार पावलं मागे धरला होता. फोटोत काडीचा फरक नाही. मग तिला बसवलं आणि तो जवळजवळ मांडीवरच आणला, फ्रेमच्या खालच्या कडेला अगदी चिकटून. चेहऱ्यापासून दीड-दोन फूट. तेव्हा कुठे डोळे उघडले.

माझा रिफ्लेक्टर पाच-इन-एक, म्हणजे पांढरी, सोनेरी, सिल्व्हर, काळी अशा बाजू बदलता येणारा; त्या उलटसुलट करून पाहिल्या. पांढरी सभ्य आहे, पण मळभात फारच हळू बोलते. सोनेरीची मला मुळातच आवड नाही. आजूबाजूचा उजेड निळसर असताना फक्त हनुवटी आणि गालांची खालची बाजू पिवळी होते, आणि व्हाइट बॅलन्सने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंगांच्या संतुलनाने, एक सुधारावं तर दुसरं बिघडतं. राहिली सिल्व्हर. उन्हात ती डोळ्यांत घुसते, म्हणून बरेच जण टाळतात; ढगांखाली तीच कामाची. ती बरीचशी आरशासारखी वागते, त्यामुळे कोन महत्त्वाचा. माथ्यावरचं आभाळ तिच्यात पडून चेहऱ्याकडे वळलं पाहिजे. भावाला मी एवढंच सांगितलं, "ताईच्या डोळ्यांकडे बघ आणि पुढची कड सावकाश वर-खाली कर." एका ठिकाणी बुबुळाच्या खालच्या भागात पांढरी चंद्रकोर उमटली. तिथेच थांबवलं.

हनुवटी कपाळापेक्षा उजळ दिसू लागली, की समजायचं जास्त झालं. रिफ्लेक्टर वीतभर खाली न्यायचा. डोळ्यांखालच्या छायेत साधारण अर्ध्या स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) फरक पडला तरी मला पुरतो. छाया पूर्ण पुसली तर चेहरा सपाट होतो, आणि मळभात सपाटपणा आधीच फुकट मिळालेला असतो. हिरवळीवर बसून फोटो काढत असाल तर आणखी एक फायदा: गवताची हिरवट झाक गळ्यावर आणि हनुवटीखाली चढते, ती मांडीवरचा रिफ्लेक्टर अडवतो.

बाकी सेटिंगचं फार काही नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता 'क्लाउडी'वर, म्हणजे साधारण ६००० केल्व्हिनवर बांधून टाकला. एक्सपोजर चेहऱ्यावरून घेतलं आणि आभाळ फ्रेमबाहेर ठेवलं, कारण ते नुसतं पांढरंफटक येतं.

खरी गंमत काळ्या बाजूत आहे, आणि तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. चारी बाजूंनी उजेड येतो म्हणून मळभात गालाचं हाड, जबड्याची रेषा विरून जाते. बहीण उभी असताना काळी बाजू तिच्या डाव्या गालाशी, फ्रेममध्ये येणार नाही इतपत जवळ धरली. त्या बाजूचा उजेड अडला, गालावर हलकी सावली पडली आणि चेहऱ्याला आकार आला. "हे तर उजेड कमी करणं झालं," भाऊ म्हणाला. झालंच की. डोळ्यांतली चमक टिकावी म्हणून तिला हनुवटी किंचित वर करायला सांगितली.

शेवटी छपराच्या कडेलाही एक जागा पाहिली. डोक्यावर छप्पर आल्याने वरचा उजेड आपोआप अडतो, समोरचा तेवढा चेहऱ्यावर येतो. तिथे रिफ्लेक्टर घडी करूनच ठेवला. एवढ्यात वारंही सुटलं होतं आणि ती चकती हातात धरणं अवघड होऊ लागलं होतं.

बहिणीने प्रोफाइलला काळ्या बाजूचा फोटो लावला. मला सिल्व्हरचा जास्त आवडतो. आत्याने मात्र रिफ्लेक्टर न लावलेला तो पहिलाच मागून घेतला. त्यात हसू चांगलं आलंय म्हणाली.