मुंबईच्या ट्रामचे मार्ग : तिसरा नकाशाही खोडला

मुंबईच्या जुन्या ट्राम कुठून कुठे जायच्या याचा नकाशा करतोय. गेल्या खेपेला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की तो जवळजवळ पूर्ण झालाय. तो शब्द मागे घेतो. दोन महिन्यांचं काम अर्धंअधिक पुसलं गेलंय आणि चूक सर्वस्वी माझी आहे.

झालं असं. घोड्याच्या ट्रामची पहिली गाडी ९ मे १८७४ रोजी धावली, हे या नादातल्या सगळ्यांना पाठ असतं. त्या वेळी मार्ग दोनच : एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून (आजच्या सीएसएमटीजवळून) काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. मी आजचा नकाशा खाली पसरला, वर ट्रेसिंग पेपर धरला, क्रॉफर्ड मार्केटवर पेन टेकवलं आणि पायधुणीपर्यंत सरळ लाल रेघ ओढली. गेली कुठून? मोहम्मद अली रोडवरून. दोन्ही टोकांमधला तोच तर ठळक रस्ता.

आठवडाभर ती रेघ भिंतीवर होती. मग एकदा चहा पिताना त्या नावाकडे लक्ष गेलं. मौलाना मोहम्मद अलींचा जन्मच १८७८ सालचा! ट्राम सुरू झाली तेव्हा ज्यांचा जन्म झाला नव्हता, त्यांच्या नावाच्या रस्त्यावर मी रूळ टाकून बसलो होतो. नुसतं नाव नंतरचं असतं तरी चाललं असतं, रस्ते नावं बदलतातच. पण हा रस्ताच मुळी विसाव्या शतकात दाट वस्ती कापून काढलेला आहे. म्हणजे १८७४ ची रेघ शेजारच्या जुन्या गल्लीतून जायला हवी. अब्दुल रहमान स्ट्रीट हा माझा सध्याचा उमेदवार. पेनाने नाही, पेन्सिलीने, आणि तेही तुटक.

तेव्हापासून एक शिस्त लावून घेतली आहे. एक नकाशा करायचा नाही, थर करायचे. पहिला थर घोड्यांचा, १८७४ पासून. दुसरा विजेचा, ७ मे १९०७ पासून. तिसरा ७ ऑगस्ट १९४७ नंतरचा, म्हणजे ट्राम चालवणारी कंपनी महापालिकेच्या ताब्यात गेल्यापासून ३१ मार्च १९६४ च्या शेवटच्या फेरीपर्यंत. जो पुरावा ज्या थराचा, तो त्याच कागदावर. कुठला ते ठरत नसेल तर तो पाकिटात पडून राहतो. पाकीट सध्या नकाशापेक्षा जाड आहे.

थर ठरवायचा कसा, यावर बरंच डोकं खर्च झालं.

नाव हा सगळ्यात सोपा धागा. आज मुंबईत बस चालवणाऱ्या ‘बेस्ट’मधला ‘टी’ आधी ट्रामवेजचा होता. १९०५ साली स्थापन झालेली कंपनी ती बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज. महापालिकेने ती घेतल्यावर तोच ‘टी’ ट्रान्सपोर्टचा झाला आणि कंपनीची अंडरटेकिंग झाली. आद्याक्षरं तीच राहिल्यामुळे आपण फसतो. एखाद्या कागदावर नुसतं ‘बेस्ट’ दिसलं तर त्यावरून काही ठरत नाही, पूर्ण नाव शोधायचं.

तिकिटांवर जास्त रमलो. घरच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्डाच्या घडीत एक तिकीट मिळालं. बोटभर लांबीचा पातळ कागद, एक कोपरा फाटलेला, मधोमध पंचचं भोक आणि त्या भोकानेच थांब्याचं नाव खाल्लेलं. इतका राग आला म्हणून सांगू! पण भाडं शाबूत होतं, आणि ते नये पैशांत होतं. नये पैसे, म्हणजे रुपयाचे शंभर, आले १ एप्रिल १९५७ ला, ट्राम संपली ३१ मार्च १९६४ ला. बरोब्बर सात वर्षं, दिवससुद्धा इकडचा तिकडे नाही. म्हणजे ट्रामचं तिकीट नये पैशांतलं असेल तर डोळे मिटून तिसऱ्या थरात टाका.

याच्या उलट मात्र करू नका. ‘आणे’ दिसले म्हणून तिकीट ५७ च्या आधीचंच, असं छातीठोक म्हणता येत नाही. जुनी नाणी पुढेही काही काळ चालत होती, आणि आधी छापलेले गठ्ठे कुणी कसे संपवले असतील कोण जाणे. माझी हल्लीची समजूत अशी की कागदावर जे आहे ते धरावं, जे नाही त्यावरून निष्कर्ष काढू नये.

फोटोंनाही हेच लागू. डोक्यावर तार असेल आणि गाडीपुढे घोडे नसतील, तर फोटो १९०७ च्या नंतरचा. दुमजली ट्राम दिसली तर सप्टेंबर १९२० च्या नंतरचा. बस दिसली तर १५ जुलै १९२६ च्या नंतरचा. पण दुमजली ट्राम दिसत नाही म्हणून १९२० च्या आधीचा? छे. ती मागच्या वळणावर असेल, नाहीतर त्या मार्गावर जातच नसेल. बोरीबंदरच्या एका पोस्टकार्डवर मी हीच चूक केली होती. फोटोत नुसत्या एकमजली गाड्या, म्हणून दुसऱ्या थराच्या सुरुवातीला नेऊन चिकटवला. नंतर भिंग घेऊन बसलो, तर उजव्या कडेला, अर्धी कापली गेलेली, बस! भिंगाचे पैसे वसूल झाले.

रस्त्यांच्या नावांची वही वेगळी केली आहे. हॉर्नबी रोड म्हणजे दादाभाई नौरोजी मार्ग, एस्प्लनेड रोड म्हणजे महात्मा गांधी मार्ग, क्रुकशँक रोड म्हणजे महापालिका मार्ग, कारनॅक रोड म्हणजे लोकमान्य टिळक मार्ग. इथवर ठीक. दादर-माटुंग्याकडचा व्हिन्सेंट रोड आणि खालच्या अंगाचा परळ रोड हे दोन्ही आज आंबेडकर रोडच, त्यामुळे नुसतं ‘आंबेडकर रोडवरून ट्राम’ एवढ्यावर भागत नाही. आणि सँडहर्स्ट रोड! स्टेशन एकीकडे, आणि ज्या रस्त्याला आता सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतात तो पार गिरगावच्या बाजूला जाणारा. जुन्या कागदात ‘सँडहर्स्ट रोड’ आलं की आधी रस्ता की स्टेशन ते विचारा. हा रस्ता शहरसुधारणेसाठी नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने काढलेला आणि ट्रस्ट स्थापन झाला १८९८ मध्ये, तेव्हा पहिल्या थराच्या सुरुवातीला तिथे रूळ दाखवणारा कुणीही (मीसुद्धा) चुकतोय.

आता दादर. बसच्या पाटीवर अजून ‘दादर टी. टी.’ असतं आणि त्याचा अर्थ ट्राम टर्मिनस हे निम्म्या शहराला माहीत नाही. ट्राम जाऊन साठ वर्षं उलटली तरी कंडक्टर ‘टीटी, टीटी’ ओरडतोच आहे. खोदादाद सर्कल आहेच म्हणून मी तिथे ट्रामला झकास गोल वळसा काढला होता. आमच्या ओळखीचे एक काका आहेत, ऐंशी कधीच ओलांडलेली, नकाशा पाहून हसले. “वळसा कशाला रे? ड्रायव्हर हँडल काढायचा न् दुसऱ्या टोकाला जायचा. कंडक्टर टपावरची, तारेला टेकणारी दांडी दोरीने फिरवायचा. आली तशी निघाली.”

मी म्हटलं, “काका, नक्की आठवतंय?”

“मी चालत्या ट्राममधून उतरायचो. ते आठवतंय, तर हे नाही आठवणार?”

वळसा खोडला. पण काकांच्या शब्दावर सरळ रूळही पक्के केलेले नाहीत. आठवण एकाची, तीही शेवटच्या वर्षांतली, म्हणून तिसऱ्या थरावर पेन्सिलीने ‘इथे दांडी फिरवत’ एवढंच लिहिलंय. शेवटची गाडी रात्री दहाला बोरीबंदरहून दादरला निघाली, त्या रात्री काका रस्त्यावर उभे होते म्हणे. गर्दी किती होती विचारलं तर म्हणाले, “दिसलं काय असणार? पुढे सगळी डोकीच.”

प्रत्यक्ष फिरण्यात फारसं हाती लागलं नाही. फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी जमिनीखालून जुने रूळ निघाले तेव्हापासून, कुठे रस्ता खणलेला दिसला की मी आत वाकून बघतो. आजवर पाण्याचे पाइप, केबल आणि एकदा मुकादमाच्या शिव्या. सीएसएमटीजवळच्या भाटिया बागेत ठेवलेला ट्रामचा डबा पाहायला जरूर जा, फक्त त्यावरून मापं घेऊ नका. तो कोलकात्याहून आणलेला आहे. मी टेप घेऊन गेलो होतो, आकडे टिपले, आणि घरी येऊन हे वाचलं.

तर सध्याची स्थिती : पहिल्या थरावर काळबादेवीची बाजू बऱ्यापैकी पक्की, क्रॉफर्ड मार्केट ते पायधुणी तुटक. दुसरा थर सगळ्यात पोकळ. तिसरा भरतोय. आणि तुमच्यापैकी कुणाकडे थांब्यांची नावं न खाल्लेलं एखादं तिकीट असेल, तर दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मागची बाजू जाहिरात म्हणून सोडू नका.